न झालेल्या भेटीची नोंद

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर शनिवारची दुपार फार सोयीची. कर्नाटकातल्या सरकारी शाळा शनिवारी सकाळच्याच असतात आणि बहुतेक आयटी कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते. शाळेतून सुटलेली सातवी-आठवीतली मुलं आणि आठवडाभराच्या मीटिंगांतून सुटलेले पंचविशी-तिशीतले इंजिनीअर एकाच वेळी मोकळे सापडतात ते तेवढ्या दोन-तीन तासांत. एका मुलाला एक मोठं माणूस जोडून द्यायचं आणि ही जोडी वर्षभर टिकवायची, हे मेंटॉरिंग करणाऱ्या संस्थांचं काम. जोडी लावणं एका दिवसात उरकतं. ती टिकते की नाही हे मात्र कुणी वही नीट ठेवतंय का, यावर ठरतं. आता या वहीची जागा सॉफ्टवेअरनं घेतली आहे आणि वहीत जे चुकत होतं ते सॉफ्टवेअरमध्ये जास्त नीटनेटकं चुकू लागलं आहे.

सर्जापूर रोड कोरमंगलाच्या बाजूनं निघतो, इब्लूरला बाहेरचा रिंग रोड ओलांडतो आणि कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्रा करत सर्जापुरा गावाला पोचतो. दोड्डकन्नेल्लीला विप्रोचं मुख्यालय आहे. पुढे सर्जापुऱ्याजवळ २०१० साली स्थापन झालेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा नवा परिसर आहे. मधल्या पट्ट्यात गेटवाल्या सोसायट्या उभ्या आहेत, त्यात पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून आलेली मराठी कुटुंबंही पुष्कळ. याच सोसायट्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या दिसतात. रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून, बंगालमधून, आसामातून बांधकामाला, घरकामाला, कचरा वेचायला आलेली माणसं तिथं राहतात आणि त्यांची मुलं जवळच्या सरकारी शाळेत जातात. म्हणजे शिकवायला येणाराही बाहेरगावचा आणि शिकणाराही. दोघांचाही मुक्काम कधी हलेल याचा भरवसा नाही. नोंदींचा प्रश्न इथून सुरू होतो.

बारा महिने आणि तीन महिने

मेंटॉरिंग म्हणजे शिकवणी नव्हे. अभ्यास हे भेटण्याचं निमित्त असतं. घराबाहेरचं एक भरवशाचं मोठं माणूस ठरल्या वेळी आपल्यासाठी येतं, हा अनुभव मुलाला मिळावा, हा खरा हेतू. या कल्पनेला संघटित रूप आलं न्यूयॉर्कमध्ये. १९०४ साली तिथल्या बालन्यायालयातल्या अर्नेस्ट कूल्टर या क्लार्कनं, कोर्टात येणाऱ्या एकेका मुलाची एकेका सद्‌गृहस्थानं दोस्ती करावी, असं आवाहन केलं. आजची ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था आपलं मूळ तिथं मानते. बंगळुरात ‘ड्रीम अ ड्रीम’ १९९९ पासून वंचित मुलांच्या जीवनकौशल्यांवर काम करते आहे, तर अरुंधती गुप्ता यांनी २००९ साली सुरू केलेली ‘मेंटॉर टुगेदर’ खास मेंटॉरिंगसाठीच उभी आहे. तिच्या ‘मेंटॉर टू गो’ या अॅपवर तरुण विद्यार्थी आणि नोकरदार मेंटॉर यांची जोडी लागते आणि गप्पा, फोन, ठरवून दिलेला अभ्यासक्रम असं सगळं फोनवरच चालतं.

या पद्धतीचा उपयोग होतो का, हे १९९५ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासानं तपासलं. १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटाला लगेच मेंटॉर मिळाला, दुसऱ्याला दीड वर्ष थांबावं लागलं. मेंटॉर मिळालेल्या मुलांत अमली पदार्थ पहिल्यांदा घेण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं. शाळेला दांड्या मारणंही कमी झालं. या अभ्यासाचा गाजावाजा खूप झाला. त्याच मुलांची माहिती जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुन्हा चाळली आणि २००२ मध्ये जे मांडलं, ते मात्र तेवढं कुणाच्या कानावर गेलं नाही. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांमध्ये मुलांचा स्वतःवरचा विश्वास, मेंटॉर न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, उलट घटला होता.

याचा अर्थ स्पष्ट आहे. अर्ध्यावर सोडलेलं मेंटॉरिंग शून्यावर थांबत नाही, ते उणे होतं. ज्या मुलाच्या आयुष्यात माणसं येतात आणि निघून जातात, त्याच्याकडे आणखी एक माणूस आला आणि गेला. म्हणून नोंदवहीचं पहिलं काम झालेल्या भेटींची बेरीज करणं हे नाही. एखादी जोडी सुटत चालली आहे हे वेळेत दाखवणं, हे आहे.

कॅलेंडर काय विसरतं

बहुतेक संस्था सुरुवात गूगल कॅलेंडर आणि गूगल शीटवर करतात. त्यात काही वावगं नाही. पण कॅलेंडर आतून कसं चालतं हे माहीत असेल तर त्याच्याकडून काय मागू नये हे कळतं. ‘दर शनिवारी साडेबारा वाजता’ अशी भेट टाकली की कॅलेंडर वर्षाचे पन्नास शनिवार लिहून ठेवत नाही. ते फक्त एक नियम ठेवतं: आठवड्याला एकदा, वार शनिवार, अमुक तारखेपर्यंत. पडद्यावर दिसणाऱ्या तारखा त्या नियमातून दर वेळी काढल्या जातात. आय-कॅलेंडर नावाची ही पद्धत १९९८ मध्ये पहिल्यांदा प्रमाणित झाली आणि २००९ मध्ये सुधारली गेली. गूगल, अॅपल, आउटलुक यांची कॅलेंडरं एकमेकांशी बोलतात ती याच भाषेत.

आता एका शनिवारी मेंटॉर आला नाही. संस्थेच्या समन्वयकानं ती भेट कॅलेंडरमधून काढून टाकली. कॅलेंडरनं काय केलं? ती तारीख ‘अपवाद’ म्हणून नियमाच्या शेजारी टिपून ठेवली आणि पडद्यावरची जागा रिकामी केली. ही रिकामी जागा आणि मुळात भेटच नसलेली जागा यांत बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. असे चार शनिवार गेले तरी कॅलेंडर स्वच्छच दिसतं. कॅलेंडरला फक्त बेत कळतो, घडलं काय ते कळत नाही.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. तेही आठवड्याचंच वेळापत्रक. पण एखाद्या घरचा वार चुकला तर त्या दिवशी उपास घडायचा आणि संध्याकाळच्या आत ते चार जणांना कळायचं. मेंटॉरिंगचा वार चुकला तर कुणाच्याच पोटात कावळे ओरडत नाहीत. मूल शाळेच्या कट्ट्यावर वीस मिनिटं बसतं आणि घरी जातं. म्हणून चुकलेल्या वाराचा बोभाटा करण्याचं काम मुद्दाम कुणावर तरी सोपवावं लागतं.

तीन तक्ते

नोंदी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, त्यांचा सांगाडा नीट असला पाहिजे. नवख्या संस्थेची शीट बहुधा अशी असते: एका ओळीत एक मूल, पुढे मेंटॉरचं नाव आणि त्यापुढे ‘भेट १’, ‘भेट २’ असे रकाने. दोन-तीन महिने ती छान चालते. मग मेंटॉर नोकरी बदलून हैदराबादला जातो, दुसरा येतो, पहिल्याचं नाव पुसून दुसऱ्याचं लिहिलं जातं आणि पहिल्याच्या सहा भेटी दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. जोडी मोडली होती याची खूणही उरत नाही.

त्यापेक्षा तक्ते तीन असावेत. पहिला माणसांचा, त्यात मुलं आणि मेंटॉर. दुसरा जोड्यांचा: कोण कुणाबरोबर, कधीपासून, कधीपर्यंत, आणि संपली असेल तर का. तिसरा भेटींचा, त्यातली प्रत्येक ओळ एखाद्या जोडीला बांधलेली. मेंटॉर बदलला की जुनी जोडी बंद होते आणि नवी उघडते. काही पुसावं लागत नाही. मुलाच्या नावावर तीन वर्षांत चार जोड्या दिसल्या तर त्याला पाचवा मेंटॉर देण्याआधी समन्वयक थांबून विचार करेल. एवढ्यासाठी तो मधला तक्ता मोलाचा.

भेटीच्या ओळीत तारखेइतकाच महत्त्वाचा रकाना म्हणजे भेटीचं काय झालं. ‘झाली’ आणि ‘नाही झाली’ एवढ्यावर भागत नाही. मेंटॉर आला नाही, मूल आलं नाही, आधी कळवून रद्द केली, शाळेला अचानक सुट्टी लागली, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे. सर्वांत फसवी नोंद म्हणजे ‘पुढे ढकलली’. कॅलेंडरमध्ये भेट ओढून पुढच्या शनिवारी टाकली की मूळ तारीख नाहीशी होते. तीच भेट तीनदा ओढली तर महिना उलटतो आणि नोंदीत एकही चुकलेली भेट दिसत नाही. म्हणून भेट सरकवायची नाही. जुनी ओळ ‘पुढे ढकलली’ म्हणून तशीच ठेवायची आणि नव्या तारखेची नवी ओळ घालायची.

एवढं केलं की एक साधा आकडा काढता येतो: शेवटची प्रत्यक्ष झालेली भेट किती दिवसांपूर्वीची? शीटमध्ये आजच्या तारखेतून ती तारीख वजा केली की झालं. आठवड्याला भेटणाऱ्या जोडीत हा आकडा १४ च्या पुढे गेला तर ओळ पिवळी, २१ च्या पुढे गेला तर लाल. सोमवारी सकाळी समन्वयकानं फक्त लाल ओळी उघडायच्या आणि फोन लावायचे. अमेरिकेतल्या ‘मेंटॉर’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं या कामात सर्वत्र प्रमाण मानली जातात. त्यांची चौथी आवृत्ती २०१५ ची. जोडी लागल्यावर पहिल्या महिन्यात दोनदा आणि पुढे दर महिन्याला मेंटॉर आणि मूल दोघांशीही स्वतंत्रपणे बोलावं, असं त्यांत म्हटलं आहे. हे बोलणं झालं का, यासाठीही एक रकाना हवा, नाहीतर ज्या जोड्या कुरबुर करतात त्यांनाच सगळे फोन जातात आणि ज्या गुपचूप विरत चालल्या आहेत त्या राहून जातात.

साडेबारा म्हणजे किती वाजता

सॉफ्टवेअरच्या डब्यात ‘साडेबारा’ लिहिणं सोपं आहे. इब्लूरच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला विचारा. मेंटॉर आणि शाळा रिंग रोडच्या एकाच बाजूला असतील तर जोडी टिकण्याचा संभव बराच वाढतो, म्हणून जोडी लावताना पत्त्यापेक्षा ‘चौकाच्या अलीकडे की पलीकडे’ हे पाहावं. कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याला लागून असलेल्या सरकारी शाळेत चालत येणारा मेंटॉर, गाडीनं बेलंदूरहून निघणाऱ्यापेक्षा जास्त शनिवार गाठेल. इथली मुलं आपल्या मेंटॉरला अक्का किंवा अण्णा म्हणतात. अक्का येणार म्हटल्यावर ती वाट बघत बसतात. वीस मिनिटं त्यांच्या हिशेबानं फार असतात.

आठवणीचा मेसेज ही दुसरी गंमत. सॉफ्टवेअर आपणहून भेटीच्या तासभर आधी मेसेज पाठवतं. मेंटॉरला तो उपयोगी पडतो. मुलाच्या घरी मात्र फोन बहुधा एकच आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर गेलेला. दुपारचा मेसेज बांधकामाच्या चौथ्या मजल्यावर वाजतो. तोच आदल्या रात्री आठला गेला तर घरात सगळे असतात. रिचार्ज संपला की नंबर बंद पडतो, सिम बदलतं, म्हणून वर्गशिक्षकांचा आधार घ्यावाच लागतो. भाषेचा रकानाही हवा. कलबुर्गीकडचं मूल कन्नड किंवा दखनी बोलेल, आसामकडून आलेलं आसामी किंवा बंगाली. नागपूरच्या मेंटॉरचं हिंदी एकाशी जमेल, दुसऱ्याशी नाही.

सुट्ट्यांचं गणित मराठी मेंटॉरना विशेष चकवतं. महाराष्ट्रात शाळांची मोठी मधली सुट्टी दिवाळीची. कर्नाटकात ती दसऱ्याची. म्हणजे ऑक्टोबरात मुलं गावी जातात आणि ती परत येतात तोवर मेंटॉर दिवाळीला पुण्याला निघतो. त्याआधी गणपतीत चार शनिवारांतला एखादा गेलेलाच असतो. दोन्ही सुट्ट्या जोडल्या की महिना-सव्वा महिना भेट नाही. हे आधीच कळण्यासारखं आहे, म्हणून कर्नाटकाच्या शाळांचं वेळापत्रक आणि मेंटॉरच्या रजा जूनमध्येच कॅलेंडरमध्ये टाकाव्यात. आधी सांगून गेलेला मेंटॉर आणि न सांगता गेलेला मेंटॉर यांत मुलाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

काय लिहू नये

भेटीनंतर मेंटॉर दोन-चार ओळी लिहितो. सर्वांत जास्त काळजी इथं घ्यावी लागते. समजा, एकानं लिहिलं: ‘मुलगा आळशी आहे. घरचं वातावरण वाईट, वडील पितात.’ दुसऱ्यानं त्याच भेटीबद्दल लिहिलं: ‘अपूर्णांकात अडतो. पाव आणि अर्धा कळतो, तीन-अष्टमांश नाही. पुढच्या वेळी पट्टी घेऊन बसायचं ठरलं. आज झोप झाली नव्हती म्हणाला.’ पहिल्या नोंदीत निकाल आहे आणि ऐकीव माहिती. दुसरीत जे पाहिलं, जे ठरलं ते आहे, आणि मेंटॉर बदलला तरी नव्या माणसाला धागा उचलता येईल. आपण लिहिलेलं उद्या ते मूल वाचणार आहे असं समजून लिहावं, हा या कामातला सरळ नियम.

कायदाही आता त्याच बाजूला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे. त्याची माहिती डिजिटल रूपात हाताळण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलाच्या हिताला बाधा येईल असा तिचा वापर करायचा नाही. मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत तर दंडाची मर्यादा २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. शाळा न शिकलेल्या आईपुढे इंग्रजी फॉर्म ठेवून अंगठा घेणं ही संमती नव्हे. तिच्या भाषेत, काय लिहिणार, कोण वाचणार, कधी पुसणार हे सांगितलं पाहिजे.

त्यातून काही साध्या गोष्टी ओघानंच येतात. आधार क्रमांक किंवा कर्नाटकच्या शिक्षण खात्याचा सॅट्स क्रमांक मेंटॉरिंगच्या शीटमध्ये नको. संस्थेनं स्वतःचा एखादा कोड द्यावा. मेंटॉरला फक्त आपल्या जोडीच्या नोंदी दिसाव्यात, समन्वयकाला सगळ्या आणि देणगीदाराला नावाविना बेरजा. ‘लिंक असेल तो पाहू शकतो’ अशी उघडी शीट आणि फोटोंनी भरलेला व्हॉट्सअॅप ग्रुप, या दोन ठिकाणांहून माहिती सर्वांत जास्त गळते.

एका गोष्टीला मात्र नोंदीच्या रकान्यात जागाच नाही. मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं किंवा तसा धोका जाणवला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘पुढच्या आढावा बैठकीत बोलू’ असं लिहून सेव्ह करण्याची ही बाब नव्हे. मेंटॉरच्या पडद्यावर समन्वयकाचा नंबर आणि १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन ठळक हवी, आणि अशा प्रसंगाचा तपशील सामान्य नोंदींपासून वेगळा, कुलपात ठेवलेला.

बेरजेचा भूलभुलैया

सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न लोक आधी विचारतात. खरं म्हणजे तो शेवटचा. पन्नास जोड्यांपर्यंत नीट बांधलेली शीट पुरते. पुढे सेल्सफोर्स ना-नफा संस्थांना पहिली दहा लायसन्स मोफत देतं. मुंबईच्या फ्रॅपेचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. बंगळूरच्या समन्वय फाउंडेशनचं ‘अवनी’ नेटवर्क नसतानाही फोनवर नोंदी घेतं, आणि ‘ग्लिफिक’सारख्या साधनानं व्हॉट्सअॅपवरची विचारपूस मेंटॉरचा खासगी नंबर न देता करता येते. काय नोंदवायचं ते ठरलं नसेल तर यांतलं कुठलंही साधन गोंधळाचा वेग तेवढा वाढवेल.

काय नोंदवायचं हे पुष्कळदा देणगीदार ठरवतो. १ एप्रिल २०१४ पासून, कंपनी कायद्यातल्या सीएसआर तरतुदीनुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या खर्चाच्या अहवालाला आकडा हवा असतो, आणि सर्वांत सहज निघणारा आकडा म्हणजे ‘एकूण सत्रं’. समजा, वीस जोड्यांच्या वर्षभरात २०० भेटी झाल्या. प्रत्येक जोडीच्या दहा भेटी, असं असू शकेल. किंवा दहा जोड्यांच्या १८-१८ आणि उरलेल्या दहांच्या दोन-दोन, असंही असू शकेल. बेरीज दोन्हीकडे २००. पण दुसऱ्या शक्यतेत दहा मुलांना माणूस देऊन काढून घेतला गेला आहे, आणि हे अहवालात कुठंच दिसणार नाही.

मुलांत काय बदल झाला हे मोजण्याचीही साधनं आहेत. ‘ड्रीम अ ड्रीम’नं मानसशास्त्रज्ञांसह तयार केलेली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली जीवनकौशल्यांची मोजपट्टी फक्त पाच बाबींची आहे: इतरांशी वागणं, अडचणीतून वाट काढणं, पुढाकार घेणं, भांडण मिटवणं, सूचना समजून पाळणं. ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी, वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी ती भरता येते. पण वर्षअखेरीला हजर असलेल्याच मुलांची मोजणी होते. जी जोडी मोडली तिचं मूल मोजायला सापडतच नाही आणि सरासरी आपोआप सुधारते.

म्हणून सर्जापूर रोडवर, किंवा हडपसरला, ठाण्याला, कुठंही मेंटॉर म्हणून नाव नोंदवताना, किंवा अशा कामाला पैसे देताना, संस्थेला दोन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी तीन महिन्यांच्या आत किती जोड्या मोडल्या आणि का? आणि आज तुमच्या यादीत किती ओळी लाल आहेत? ज्यांच्याकडे याची उत्तरं लगेच निघतात, त्यांचे आकडे कदाचित इतरांपेक्षा ओशाळे दिसतील. आपला शनिवार आणि आपले पैसे त्यांनाच द्यावेत.